सारांशाच्या पुढे

मी काटोलच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर उन्हाळ्यात माझी नोकरी संपते आणि कॉलेज उघडलं की मुलाखत देऊन मी पुन्हा नवी होते. घर नागपुरात, प्रताप नगरला. येणंजाणं एसटीनं.

पीएच.डी.साठी मी संत्र्यावरची कोळशी घेतली होती. ही एक बारीक काळी माशी. ती पानांचा रस शोषते, तिच्या चिकट पाझरावर काळी बुरशी चढते आणि झाड चुलीतून काढल्यासारखं दिसायला लागतं. या कोळशीच्या पिल्लांवर जगणारी आणखी एक माशी असते, डोळ्यांना धड दिसतही नाही. औषध न मारता ती एकटी कोळशीला कितपत आवरते, हे मला बागेत पाहायचं होतं. काटोलजवळच्या एका बागायतदार काकांनी बांधाकडची एक ओळ मला दिली.

"या झाडायले औषध नाही मारत मी," ते म्हणाले. "पण मॅडम, निघन ते खरं सांगजा मले."

बाग मिळाली, वाचायला संशोधनाचे पेपर मात्र मिळेनात. कॉलेजात डिजिटल लायब्ररी होती. काचेचं दार, नवे कॉम्प्युटर, त्यांच्यावर प्लास्टिकची आवरणं. तपासणी समिती यायची असली की आवरणं निघत. मी ग्रंथपालांकडे आयडी मागितला.

"परमनंट लोकायलेच आयडी भेटते मॅडम. तुमचं नाव टाकलं तर सिस्टीम घेतच नाही."

परमनंटपैकी एका सरांकडे मी त्यांचा आयडी मागून पाहिला. आपल्याला असं काही मिळालेलं आहे, हेच त्यांना आठवत नव्हतं.

मग एमएस्सीची मैत्रीण. ती बंगळूरच्या मोठ्या संस्थेत लागली होती. "नुसती पेपरांची नावं पाठव गं, मी काढून देते," असं तीच म्हणाली होती, आणि वर्षभर तिनं दिलेही. मग उत्तरं उशिरा यायला लागली. एकदा तिनं लिहिलं, "अगं, आमच्याकडे डाउनलोडवर नजर असते. जरा कमी माग ना." त्या 'माग'नं मला चटका बसला. मी मागतच होते, त्यामुळे शब्द चुकीचा नव्हता. पण त्यानंतर मी तिला काही पाठवलं नाही.

राहिले पेपरांचे सारांश. ते फुकट दिसतात. दहा-बारा ओळी वाचायच्या, अंगात वीज भरते, बोट खाली सरकवावं तर कुलपाचं चित्र, पुढचं डॉलर भरल्याशिवाय नाही. त्या दहा-बारा ओळींवरून आत काय असेल याचा अंदाज बांधत मी प्रकरणं लिहिली. काही संशोधक मला ओळखीचे वाटायला लागले होते, आणि त्यांचं एकही पूर्ण पान मी वाचलेलं नव्हतं.

प्रबंध देण्याआधी एक सादरीकरण असतं. बाहेरच्या विद्यापीठातून तज्ज्ञ आले होते. माझे मार्गदर्शक त्यांच्या शेजारी बसले होते. मी बागेतले फोटो दाखवत होते, काकांच्या झाडांवर कोळशी खरोखरच ओसरली होती. तज्ज्ञांनी मध्येच हात वर केला.

"हे झालेलं आहे मॅडम. याच माशीवर, याच किडीवर परदेशात पेपर आलाय. तुम्ही पाहिला नाही?"

"सारांश वाचला सर. पूर्ण पेपर मिळाला नाही."

"मिळाला नाही म्हणजे? आज बसल्या जागी सगळं मिळतं. शोधायची इच्छा पाहिजे."

मी मार्गदर्शकांकडे पाहिलं. ते पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "विषय थोडा बदलून टाक. फवारणीवर कर. फवारणीले कोणी काही विचारत नाही."

"सर, आत का नाही बोललात?"

"तुह्यासाठी त्यांच्याशी वाकडं घेऊ काय? पुढं तेच परीक्षक असन."

काकांच्या बागेत जाऊन सांगणं माझ्याच नशिबी होतं. ते झाडाखाली बसून ऐकत होते. त्या ओळीतली पानं हिरवी झाली होती, ती त्यांनीही पाहिली होती.

"म्हणजे माशीनं काम केलं, पण तुमच्या लोकायले चालत नाही?"

"आधीच कोणीतरी करून ठेवलंय म्हणतात."

"आमच्या काटोलात?"

 ते उठले. "मंग आता फवारू काय यायले?" एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. पंप चालू झाला तेव्हा मी तिथेच उभी होते, कारण आता माझा विषय तोच होता.

नव्या विषयाच्या नोंदी अर्ध्यावर आल्या असताना आमच्या विद्यापीठानं नोंदणी झालेल्या सगळ्या संशोधकांना घरून लायब्ररी वापरायची सोय दिली. परमनंट असो की नसो. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी आत शिरले आणि आधी तोच पेपर काढला. कुलूप नव्हतं. पानामागून पान उघडत गेलं. इतकी वर्षं हे इतकं सोपं होतं, या रागानं पहिली दोन पानं डोक्यात शिरलीच नाहीत.

त्यांनी सगळा प्रयोग काचघरात, कुंडीतल्या रोपांवर केला होता. शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं की उघड्या बागेत ही माशी टिकेल का हे आम्हाला माहीत नाही, कुणीतरी शेतात जाऊन पाहायला हवं.

मी पाहिलं होतं. ते पाहून झाल्यावर माझ्याच सांगण्यावरून झाडांवर औषध पडलं होतं.

मार्गदर्शकांना फोन केला. "आता काहून जीव जाळून राहिली वं?" ते म्हणाले. "डिग्री पदरात पाडून घे अन् मोकळी हो."

तज्ज्ञांना मी ईमेल लिहिला. चार वेळा खोडून सौम्य केला. शेवटच्या परिच्छेदाकडे लक्ष वेधावंसं वाटतं, माझं काम तिथून पुढचं होतं, असं लिहिलं. उत्तर लवकर आलं.

"मॅडम, पूर्ण पेपर पाठवू शकाल का? आमच्याकडून तो उघडत नाही."

म्हणजे त्यांनीही सारांशच वाचला होता. मला हसू यायला हवं होतं. मी उठून ओट्यावर साचलेली भांडी घासून काढली, आदळत, घरातलं कुणीतरी येऊन बघून गेलं. मग परत बसले आणि पेपर पाठवला. न पाठवण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. पुढे तेच परीक्षक असणार होते.

त्यांनी पोच दिली नाही. पदवी मला मिळाली, फवारणीवर. अभिनंदनाला येणारे विचारतात, "कशावर केलंत हो?" मी औषधांची नावं सांगते, ते मान डोलावतात, चहा पितात. एखाद्यानं खोदून विचारलं तर मी त्या हिरव्या ओळीचं सांगायला लागते. मग माझा आवाज चढतो, आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.