शून्यबाई

समोर काहीही आलं की बाई आधी विचारायच्या, "ह्यातलं शून्य कोणतं?" म्हणून आमच्या कॉलेजात गणिताच्या बाईंचं नावच शून्यबाई पडलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

पहिल्याच तासाला मी उठून म्हणाले, "शून्य म्हणजे शून्य. त्यात कोणतं काय?"

"जे मिसळलं तरी समोरच्यात काही बदलत नाही, ते त्याचं शून्य. बेरजेत शून्य, गुणाकारात एक. घड्याळात?"

"बारा," मी म्हणाले. नवात बारा तास मिळवले तरी नऊच वाजतात.

"आणि घरात?"

"माझा मोठा भाऊ!" मागच्या बाकावरून आवाज आला. बाईंसकट सगळे हसले.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. आई-अण्णा शेवंती लावतात, पंचवटीत विकतात. नोकरी लागल्यावर मी जगभरची माणसं मिळून बनवतात अशा एका संगणकभाषेत हातभार लावू लागले. तिची बेरीज फक्त पूर्णांकांना आणि दशांशांना चाले. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, बहुपदी, घड्याळाचे तास, ज्याला ज्याला बेरीज आहे त्याला ती चालावी, असा बदल मी पाठवला. दोनदा परत आला, पहिल्याच मॅट्रिक्सला अडून. वर शेरा: 'संख्यांपुरतंच ठेवा, हा हट्ट कशाला?' तिसऱ्यांदा अडला तर विषय बंद.

मी बाईंचं घर गाठलं. बाईंना संगणक येत नव्हता. त्या मेथी निवडत होत्या, मी माझ्या बदलाच्या ओळी मराठीत वाचून दाखवत होते. "शून्यापासून सुरू करा, मग एकेक मिळवत जा."

बाई थांबल्या. "कोणाच्या शून्यापासून?"

"आपल्या... साध्याच."

"अगं, पंगतीला मॅट्रिक्स बसलेत आणि तू वाढतेस पूर्णांकांचं शून्य! ज्यानं त्यानं आपलं शून्य घेऊन यावं."

मी तोच नियम लिहिला. जो आपली बेरीज आणि आपलं शून्य सांगेल, तो आत. बदल मंजूर झाला. आज त्या भाषेत मॅट्रिक्सची बेरीज होते ती माझ्यामुळे, हे मी ताठ मानेनं सांगते.

त्याच महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणाला उठल्या आणि मलाच फळ्याकडे ढकललं. "माझा शेवटचा तास ही घेईल." स्वतः पहिल्या बाकावर, मी सोबत आणलेल्या आई-अण्णांच्या मधे, वही उघडून बसल्या. मी माझी बेरीज समजावू लागले. घाईत एक पायरी गाळली.

बाईंनी हात वर केला. "मॅडम, शंका आहे."

अण्णांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओ मॅडम," ते म्हणाले, "बाईंला नीट समजून सांगा."