डाव्या डोळ्याभोवतीच्या रेषा

दोन फेब्रुवारी, रविवार. रक्कम एक हजार नऊशे पन्नास रुपये. हजर : मी, माझी बायको, आमची मुलगी आणि टी. नगरच्या दुकानातली विक्रेती. घेतलं काय, तर डोळ्यांभोवतीच्या बारीक रेषांवरचं क्रीम, पंधरा ग्रॅम. बायकोच्या डाव्या डोळ्याची नजर तेव्हाच जात चालली होती, आणि आम्ही सगळे त्याच डोळ्याच्या कडेची कातडी पाहत होतो.

निमित्त मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोंचं. फोनवर फोटो मोठे करताना बायकोला दिसलं, की डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाच-सहा रेषा आहेत, उजव्याला जवळजवळ नाहीत. लग्न जूनमध्ये होतं.

"ग्रॅमला एकशे तीस पडले," मी म्हणालो.

"अप्पा, तूप नाही ते," मुलगी म्हणाली. "अम्माला कधी तरी काही घेऊ द्या."

विक्रेतीने तमिळमध्ये समजावलं, "अक्का, रोज झोपताना मुगाच्या दाण्याएवढं. चोळायचं नाही, बोटाने थोपटायचं. दोन-तीन महिने धीर धरा."

रेषा एकाच बाजूला का, हा प्रश्न आमच्याकडे कोणाला पडला नाही, कारण उत्तर तयार होतं. बायको अंबत्तूरच्या एका लहान कारखान्यात तपासणीचं काम करते. पितळेचे बारीक आट्यांचे भाग उजव्या डोळ्याला भिंग लावून बघायचे, डावा मिटून घ्यायचा. आमच्या लग्नाआधीपासून ती हेच करते. "डावा दिवसभर झोपतो, पगार उजवा आणतो," असं ती सगळ्यांना सांगायची.

क्रीमने रेषा कमी झाल्या नाहीत, कातडी मात्र लाल होऊन खाजू लागली. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर आमच्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. तिने क्रीम बंद करायला सांगितलं, मग विचारलं, "कामावर डावा मिटता, ठीक. घरी तरी दोन्ही उघडे असतात ना?"

"घरीही मिटतो. वाचताना, टीव्ही बघताना. सवय लागली."

डॉक्टरने खिडकीकडे बोट केलं. "उजव्यावर हात ठेवा आणि त्या खिडकीचे गज बघा."

बायकोने हात ठेवला. "कडेचे वाकलेत," ती म्हणाली. "मधे गजच नाहीत."

मग ती माझ्याकडे वळली. तिचा हात उजव्या डोळ्यावर तसाच होता. "अहो, तुमचे कान दिसतात, शर्टाची कॉलर दिसते. तोंड कुठाय?"

मी तिच्यासमोर हातभर अंतरावर बसलो होतो.

डोळ्यांच्या इस्पितळात कळलं, की आतल्या पडद्याला मधोमध भोक पडलं आहे आणि ते जुनं आहे. मी विचारलं, "वर्षभर आधी आलो असतो तर?" सर्जन म्हणाले, "तेव्हा मी तुम्हाला आशा दिली असती. आता ऑपरेशनने भोक बुजेल. नजरेचं वचन देत नाही." ऑपरेशन करायचं ठरलं. मी वचन न मिळालेल्या गोष्टीवर पैसे भरत नाही, पण या वेळी भरले.

डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पडद्यावर टेकून राहावा म्हणून तिला आठवडाभर पालथं राहायचं होतं. जेवतानाही मान खाली. मुलगी पलंगाशेजारी फरशीवर उताणी पडून तिच्याशी बोलायची, म्हणजे दोघींना एकमेकींची तोंडं दिसत.

"अम्मा, लग्नालाही अशीच ये वाकून. सासूबाईंना वाटेल, केवढी नम्र विहीण मिळाली!"

"तुझी जीभ बघून त्यांना खरं काय ते कळेलच," बायको मान न उचलता म्हणाली.

त्या दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. बुडबुडा जिरेपर्यंत बायको रोज सकाळी विचारायची, "आता तरी उजळेल ना?" मी "उजळेल" म्हणायचो.

भोक बुजलं. नजर आली नाही. डावा मिटायची सवयही सुटली नाही, म्हणून लग्नात ती सगळ्यांच्या डाव्या टोकाला उभी राहिली, कोणी आलं तर उजवीकडून यावं म्हणून. तरी एका मामीचा नमस्कार तिला दिसला नाही, आणि मामी रुसून पंगतीला बसली. कोणाकोणाला काय सांगत बसणार? सर्जनने हेही सांगितलंय, की असं दुसऱ्या डोळ्यालाही होऊ शकतं, लक्ष ठेवा. आमचं घर निम्मं त्या डोळ्यावर चालतं. लक्ष ठेवून काय होणार, हे मला कळत नाही. भिंग लावून ती कामाला बसते, तेव्हा मी तिथे नसतो.

जुलैत उजव्या डोळ्याचा नंबर वाढला म्हणून चष्मा करायला गेलो. चिठ्ठी वाचून दुकानदार म्हणाला, "डावीकडे साधी काच घालतो. तिथे नंबराचा उपयोग नाही."

"मग एका काचेचे पैसे कमी कराल?" बायकोनेच विचारलं.

"काचा जोडीनेच येतात, अम्मा."

मी चष्मेवाल्याला दोन हजार सहाशे रुपये दिले.