गळालेली माणसं

अर्धं आयुष्य चपलांच्या दुकानात काढल्यावर तो माणसं मोजायच्या धंद्यात शिरला. मालकांनी दुकान विकलं, म्हणून. चाळिशीला टेकलेला गडी एका लहानशा कंपनीत नवशिक्या म्हणून लागला. तिथली बहुतेक सगळी त्याच्याहून लहान. दुकानातून आला म्हणून त्यांनी त्याला ‘शेठ’ म्हणायला सुरुवात केली. त्याला ते आवडलं. आजवर शेठ म्हणायचं काम त्याचं होतं.

कंपनीचं एक ॲप होतं. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी घरी व्यायाम कसा करायचा, ते दाखवणारं. लोक त्यात काय करतात हे बघणं, हे त्याचं काम. कोणी ॲप उघडलं, एक नोंद. व्यायाम सुरू केला, दुसरी. संपवला, तिसरी. या नोंदींना तिथे इव्हेंट म्हणत. माणसाचं नाव दिसत नसे. दिसायचा एक क्रमांक, आणि त्यानं काय काय दाबलं ते.

या नोंदींची चित्रं काढणारं एक टूल होतं. त्यातलं नरसाळं त्याला सगळ्यात पटलं. वरून माणसं ओतायची आणि खाली किती उतरली ते बघायचं. वाटेत कोण कोणत्या पायरीवर गळालं ते कळतं. दुकानात हे कधी कळलं नव्हतं. माणूस चप्पल घालून बघायचा, आरशासमोर दोन पावलं टाकायचा आणि निघून जायचा. का गेला, देव जाणे.

त्याच नरसाळ्यात त्याला पहिलं मोठं यश मिळालं. ॲपमध्ये एक बटण होतं, ‘आज दुखतंय’. ते दाबलं की ॲप म्हणे, आराम करा, पाय उंच ठेवा. आणि ते दाबणारी माणसं व्यायाम पूर्ण करतच नव्हती. जवळजवळ सगळी तिथेच गळत होती.

त्यानं मीटिंगमध्ये चित्र दाखवलं. कंपनी चालवणाऱ्या मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

“म्हणजे माणसं आपणच पळवतोय,” त्या म्हणाल्या.

“आयतं निमित्त हातात देतोय,” तो म्हणाला.

बटण काढायचं ठरलं. मीटिंग संपल्यावर मॅडम म्हणाल्या, “शेठ, तुमचे चाचणीचे महिने संपत आलेत ना? या महिन्यात कायम केल्याचं पत्र देऊन टाकू.” घरी जाताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

घरी ताई होती, थोरली बहीण. तिच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, आणि त्यानंच तिच्या फोनवर ॲप घालून दिलं होतं. तो आला तेव्हा ती पलंगावर बसून चष्मा कपाळावर चढवून फोनकडे बघत होती. तिनं एकदा बोट टेकवलं आणि फोन उशीखाली सरकवला.

“झाला व्यायाम?”

“नाही. आज ठणकतोय. सांगितलं तसं त्याला. ते म्हणालं, आराम कर.”

“आणि उद्या?”

“उद्याचं उद्या. मागच्या खेपेला दोन दिवस थांबले आणि मग केलाच की.”

“मागच्या खेपेला?”

“अरे, त्या बटणावर तर माझी भिस्त आहे. डॉक्टरांना रोज फोन करून रडगाणं गायला लाज वाटते. याला सांगता येतं, आणि उलट बोलत नाही ते. तुझ्यासारखं.”

तो तिच्या पायाशी बसला. नरसाळं बनवताना टूल एक प्रश्न विचारतं: माणसानं पुढची पायरी गाठायची वाट किती बघायची? त्यानं एक दिवस निवडला होता. व्यायाम रोजचा, म्हणून मुदतही दिवसाची. ज्यांना दुखतंय त्यांच्यासाठीसुद्धा. दुकानात ‘घरी विचारून येते’ म्हणून गेलेल्या बाईला त्यानं त्याच संध्याकाळी कधी कायमचं गेलेलं धरलं नव्हतं. इथे मात्र धरलं.

त्यानं ताईला सगळं सांगितलं.

“म्हणजे तुझ्या हिशेबात मी गळाले?”

“हो.”

“बसल्या जागी?”

त्याला हसू आलं नाही. “बटण काढणार आहेत, ताई. माझ्याच सांगण्यावरून.”

“काढा. मग मीही ॲप काढते. दुखताना नुसता व्यायामच समोर नाचायला लागला, तर फोन उघडणार कोण?” तिनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. “पण तुझं पत्र?”

“ते आता अवघडच. सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार.”

“पड बाबा. गुडघा तेवढा सांभाळ.”

सकाळी तो प्रोग्रामर मुलीच्या टेबलाशी गेला. बटण काढण्याचं काम तिच्याकडेच होतं. त्यानं वाट बघण्याची मुदत एका दिवसाऐवजी एक आठवडा केली. चित्र बदललं. बटण दाबून गेलेल्यांतली निम्म्याहून जास्त माणसं दोनचार दिवसांत परत येऊन व्यायाम पूर्ण करत होती.

“शेठ, हे दाखवलंत तर नाक कापलं जाईल तुमचं.”

“तसंही थोडं लांबच आहे ते.”

त्यानं दाखवलं. मधे कुठे सारवासारव केली नाही. मुदत मी चुकीची धरली, म्हणाला. मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली.

“मुदत किती धरलीय, हे मीही विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “बटण राहू दे. पण ही उरलेली? आठवडा झाला तरी आलीच नाहीत ती?”

“त्यांचं माहीत नाही. बरी झाली असतील. घाबरलीही असतील.”

“मग विचारा त्यांना. आणि पत्राचं पुढच्या महिन्यात बघू. आधी या माणसांचं काय होतं ते मोजा.”

बाहेर पडताना प्रोग्रामर मुलगी हळूच म्हणाली, “तुमचीही मुदत वाढली, शेठ.” पत्र लांबलं खरं, तरी छातीवरचा दगड उतरला होता.

उरलेल्यांना ॲपमधून निरोप काय पाठवायचा, यावर दोघांची जुंपली. तिनं लिहिलं, ‘तुमचा व्यायाम अपूर्ण आहे.’

“हा निरोप नाही, वसुली आहे,” तो म्हणाला.

“मग तुम्ही लिहा, मोठे साहित्यिक.”

त्यानं बरंच खोडलं. शेवटी राहिलं ते एवढंच: ‘दुखणं कमी झालं का? नसलं तरी सांगा.’

निरोप गेले. दुसऱ्या दिवशी दोघं स्क्रीनसमोर बसले. नोंदी एकेक करून येत होत्या. बऱ्याच जणांनी ॲप नुसतं उघडून बंद केलं. काहींनी व्यायाम सुरू केला. एकानं पूर्ण केला तेव्हा तिनं टेबलावर थाप मारली.

मग एक क्रमांक आला, कित्येक दिवस गप्प असलेला. ॲप उघडलं. ‘आज दुखतंय’ दाबलं. बंद केलं.

“हे माणूस कशात धरायचं?” तिनं विचारलं. “व्यायाम तर केला नाही. गळालेलंच ना?”

“आलं,” तो म्हणाला. “सांगायला आलं.”

त्यानं नरसाळं उघडलं आणि त्यात एक पायरी वाढवली.