उस्तादांची काडी

जीप मागे सरकू लागली तेव्हा उस्तादांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "वहिनी, उजवीकडं किती हाय?"

मी त्यांच्या मागच्या सीटवर होते. बाहेर डोकं काढून खाली बघितलं. चाकाच्या पलीकडे दोन हात रस्ता होता आणि त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं. लांब खाली नदी दिसत होती, दोऱ्याएवढी.

"दोन हात," मी म्हणाले.

"आता?"

"दीड."

इंजिन चढावर अचानक बंद पडलं होतं. इंजिन बंद पडलं की त्या जीपचा ब्रेक दगडासारखा व्हायचा, दाबला तरी लागायचा नाही, आणि हाताचा ब्रेक नावालाच होता. माझी जाऊ चंद्रकला पुढे डोळे गच्च मिटून बसली होती. गाव आमचं मंठ्याजवळचं, रस्ता नेपाळचा, ड्रायव्हर सत्तरीला टेकलेला आणि त्याचा उजवा डोळा गेलेला. दरी उजवीकडेच होती.

"एक हात," मी म्हणाले.

उस्तादांनी स्टिअरिंग गरागरा डावीकडे फिरवलं. जीपचं तोंड दरीकडे गेलं आणि ढुंगण डोंगराकडे. मग आदळलो.

उस्ताद म्हणजे माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणायची, पण सगळं गाव उस्ताद म्हणायचं, म्हणून इथे तेच लिहिते. आधी पंधरा-वीस वर्षं ट्रक चालवला, मग स्वतःची जीप घेऊन मंठा ते जालना सवारी वाहिली. न हलणाऱ्या जागेवर त्यांना बसता येत नसे. चहा उभ्यानं, एक पाय बंपरवर ठेवून. जेवताना सुद्धा मांडी हलत असायची. माझे मालक गेले त्यांच्या दहाव्याला हा माणूस तीनदा उठून जीप बघून आला. मी नंतर विचारलं, "पळून चालली होती का?" तर म्हणाले, "उभी गाडी गंजती, वहिनी." सख्ख्या भावाच्या दहाव्याला. पण मला राग आला नाही. रडायला जागा हवी असंल, आणि त्यांना तीच एक जागा ठाऊक होती.

दुसरी त्यांची खोड म्हणजे काडी. डिझेलच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. जुन्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट उचलायची, झाकण काढायचं आणि तुरीची सोललेली काडी आत बुडवायची. काडी जिथपर्यंत ओली, तेवढं डिझेल. काडीवर चाकूनं खाचा पाडलेल्या होत्या. एक खाच म्हणजे मंठा, दोन म्हणजे जालना, तीन म्हणजे जाऊन-येऊन. "काटा खोटं बोलतो, काडी न्हाई," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. जुन्यांनाही सांगायचे.

नेपाळचं वेड जुनं होतं. तरुणपणी ते जालन्याची मोसंबी घेऊन बिहारात, नेपाळच्या हद्दीवरच्या रक्सौलला गेले होते. तिथे माल दुसऱ्या ट्रकमध्ये भरला आणि ह्यांना माघारी फिरवलं. "पूल दिसत व्हता, वहिनी. पल्याडचा माणूस बिडी वढताना दिसत व्हता. अन् मी तिथून वापस आल्तो." ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असंल. चंद्रकला म्हणायची, "बिडी तर इथं बी मिळती की." त्यावर ते उठून जीप पुसायला जायचे.

मग साखरेनं उजवा डोळा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून उपयोग नाही, डावा सांभाळा. लायसन चैत्रापर्यंतचं होतं. पुढे वाढवायला डॉक्टरचा कागद लागतो आणि तो मिळणार नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. म्हणजे चैत्राच्या आत पूल ओलांडला तर ओलांडला. नाहीतर पुढचा सगळा जन्म दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसून.

माघात त्यांनी ठरवलं. धान्याच्या खोलीच्या दाराला आतून खडूनं रस्ता काढला. नागपूर, जबलपूर, प्रयाग, गोरखपूर, रक्सौल. लोक यात्रेला निघतात तेव्हा मुक्काम देवळापाशी धरतात. ह्यांनी सगळे मुक्काम पंपापाशी धरले. दिवसा चालवायचं, ऊन कललं की थांबायचं, असाही नियम केला. मग बसायच्या जागा सांगितल्या. "चंद्रकला पुढं. वहिनी माझ्या पाठीमागं, उजव्या अंगाला. माझा उजवा डोळा तुमी."

"भाऊजी, हा गाढवपणा हाय," मी म्हणाले.

"हाय," ते म्हणाले. "येता का न्हाई?"

मी हो म्हणाले. कारण मी नाही म्हणाले असते तरी ते गेले असते आणि उजवीकडे बघायला कोणी राहिलं नसतं. चंद्रकला गाडीत बसली की डोळे मिटते. लग्नाच्या वरातीपासून मिटते.

निघायला आठ दिवस राहिले आणि डिझेलच्या टंचाईची बातमी आली. तिकडे कुठेतरी लढाई लागली, जहाजं अडली, तेल येणार नाही, असं टीव्हीवाले दिवसभर सांगत होते. मंठ्याच्या बाजारात तर प्रत्येकाकडे निराळी बातमी. कोणी म्हणे महिनाभर मिळणार नाही, कोणी म्हणे नेपाळात तर गाड्या बैलांनी ओढून राहिलेत. पंपावर बायका सुद्धा स्कुटीच्या रांगेत जेवणाचा डबा घेऊन बसलेल्या मी बघितल्या.

उस्तादांचा मुलगा रमेश जालन्यात मस्तगडला दुकान चालवतो. तो खास आम्हाला अडवायला गावी आला. बापासमोर बोलायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून माझ्याकडे बघून बोलायला लागला.

"मोठी माय, तू तरी सांग त्यांना. दोन महिन्यानं जा म्हणावं. मी स्वतः विमानानं धाडतो तिघांला."

"विमानात मला पुढं बसू देतेत का?" उस्तादांनी विचारलं.

"बाबा, रस्त्यात डिझेल संपलं तर काय करताल? परदेश हाय तो."

"बातमीवर गाडी चालत न्हाई, अन् बातमीनं थांबत बी न्हाई."

"दोन महिन्यानं काय बिघडतं?"

उस्तादांची मांडी हलायची थांबली. लायसनचं रमेशला माहीत नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्यानं जीपची चावीच नेली असती. मी सांगितलं नाही. रमेश चिडून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाला अंगात वारं शिरल्यासारखं झालं. पहाटे अंगणात फेऱ्या, दुपारी फोन, मधेच उठून सीट उचलून काडी बुडवायची. गाडी जागची हलली नव्हती, तरी दिवसातून चारदा काडी. चंद्रकला म्हणाली, "अवो, बुडवून बुडवून काडीच डिझेल पिऊन राह्यली."

पंपवाले कॅनमध्ये देत नव्हते. म्हणून उस्तादांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून घेतला, तो रांगेत लावून टाकी भरायची आणि घरी येऊन नळीनं कॅनमध्ये काढून घ्यायचं, असं ठरवलं. घरात तीन कॅन होते, पण फवारणीचे. उघडले की विषाचा वास. जीपमध्ये ते दशम्यांच्या डब्याशेजारी राहणार होते. मी म्हणाले, मी धुते. गरम पाणी आणि सोडा घालून दोनदा धुतले. उस्ताद जाताना बजावून गेले, "उनात उपडे टाका. थेंब राहू देऊ नका, वहिनी. थेंब सुदिक न्हाई."

पहिले दोन वाळले होते. तिसऱ्याचा वास जाईना, म्हणून मी त्यात पुन्हा पाणी भरून ठेवलं. तेवढ्यात दारात ट्रॅक्टर आला. पंपावर टँकर उतरला होता आणि उस्तादांचा नंबर अंदाजाच्या आधीच लागला होता. शेजारी ट्रॅक्टर न्यायला मागोमाग आलेला. "जल्दी करा, ह्याचा नांगर खोळंबलाय," उस्ताद ओरडले. मी तिसरा कॅन ओतला आणि दिला. झटकला नाही, आत बघितलं नाही. काळा कॅन होता, बघून दिसलंही नसतं. फवारणीच्या कॅनला आत खाचखळगे असतात, आणि मूठ पोकळ असते. पाणी मुठीतही बसतं.

दोन दिवसांनी आम्ही निघालो.

वाटेत त्या कॅनना त्यांनी हात लावू दिला नाही. रांगा लागल्या तिथे रांगेत उभे राहिले. जबलपूरच्या पुढे एका पंपावर चार तास गेले. तेवढ्या वेळात त्यांनी पुढच्या-मागच्या सगळ्या ट्रकवाल्यांशी ओळख करून घेतली. रक्सौलला सगळे पंप बंद होते. तेव्हा तिन्ही कॅन टाकीत रिकामे केले आणि काडी बुडवली. वरपर्यंत ओली.

"बराबर," ते म्हणाले. एवढं खूश मी त्यांना रमेशच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

गाडीचा परवाना काढून पूल ओलांडला. पलीकडे जीप बाजूला घेतली, खाली उतरले, आणि खिशातून बिडी काढली. डॉक्टरनं सोडायला लावून दोन वर्षं झाली होती. अर्धी ओढून त्यांनी ती पायाखाली विझवली. आम्हाला वाटलं, आता काहीतरी बोलतील. "चला," म्हणाले. "ऊन हाय तवर चढ गाठू."

सपाटीवर जीप नीट चालली. मधून गचके द्यायची, पण ते म्हणाले, डिझेल इकडं-तिकडं हलत असंल. पाणी जड असतं, टाकीच्या बुडाशी बसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हेटौडा गाव सोडून उभा चढ लागला, जीपचं तोंड आभाळाकडे झालं, आणि बुडाचं पाणी नळीच्या तोंडाशी आलं. मग जे झालं ते वर लिहिलंच आहे.

मागची बाजू गटारात गेली आणि डोंगराला टेकली. पुढचं एक चाक रस्त्याच्या काठावर होतं. चंद्रकलाचं कपाळ फुटलं. माझं मनगट मोडलं, ते अजून वाकडंच आहे. उस्तादांना खरचटलंही नव्हतं, पण स्टिअरिंगवरची बोटं त्यांना सोडवता येईनात. मी मागून एका हातानं एकेक बोट उचललं.

एका नेपाळी ट्रकवाल्यानं दोर लावून खालच्या गावात नेलं. तिथल्या मिस्त्रीनं टाकीचा खालचा बोल्ट सोडला आणि स्टीलचा गिलास धरला. आधी पाणी आलं. नितळ पाणी, जवळजवळ गिलासभर, आणि त्यामागून डिझेल. उस्तादांनी गिलास हातात घेतला, उन्हात धरला, वास घेतला. सोड्याचा वास आला का नाही, मला माहीत नाही. मग माझ्याकडे बघितलं. चांगल्या डोळ्यानं, नीट.

"काय निघालं वो?" चंद्रकला कपाळाला फडकं धरून विचारत होती.

"पाणी," ते म्हणाले. "पंपवाल्यानं पाणी मारलंय. चोर हायेत साले."

आणि गिलास रस्त्यावर ओतून दिला.

मनगटाला प्लास्टर, चंद्रकलाला चार टाके. तीन दिवसांनी आम्ही तोच चढ चढलो. मी त्यांच्या मागेच बसले आणि उजवीकडचं सांगत गेले. काठमांडूला देवदर्शन झालं. गर्दी होती. येताना उस्ताद सगळा रस्ता गप्प होते, पण मांडी हलत होती, म्हणून मला काळजी वाटली नाही. चैत्र संपायला सहा दिवस असताना जीप अंगणात लागली.

त्यानंतर त्यांनी जीप रस्त्यावर नेली नाही. रोज सकाळी सुरू करायचे, थोडा वेळ आत बसायचे, बंद करायचे. काडी मला कुठे दिसली नाही. दीड वर्ष असं चाललं. मग साखर मूत्रपिंडात गेली आणि ते खाटेला लागले.

एकदा चंद्रकला बाहेर होती तेव्हा मी सांगून टाकलं. "भाऊजी, तिसरा कॅन मी वाळवला नव्हता."

"म्हाइत हाय," ते म्हणाले.

"मंग पंपवाल्याला शिव्या कामून घातल्या?"

"तो कुठं ऐकून राह्यला व्हता?" मग माझ्याकडे तोंड वळवलं. "तुमी तर नुसता कॅन धुतला, वहिनी. मी काडी बघितली. काडी ओली व्हती, कशानं ओली हाय ते मी बघितलंच न्हाई. नाक व्हतं की मला. आयुष्यभर लोकांला सांगितलं, काडी खोटं बोलत न्हाई."

"मंग? बोलली का?"

"न्हाई," ते म्हणाले. "मी तिला अर्धंच विचारलं."

आठ दिवसांनी ते गेले. तेव्हाही खाटेवर त्यांचा पाय हलत होता, शेवटपर्यंत.

चंद्रकला आता मस्तगडला रमेशकडे असते. कपाळावरची खूण दाखवून आल्या-गेल्याला त्या पंपवाल्याची गोष्ट सांगते आणि त्याला शिव्याशाप देते. त्या पंपवाल्यानं काही केलेलं नव्हतं. कॅन मी धुतला होता, मीच वाळवला नव्हता, आणि उस्तादांनी ते स्वतःच्या तोंडून कधी कोणाला सांगितलं नाही. रमेशनं हे आपल्या आईला वाचून दाखवावं.

त्या चढावर जीपमध्ये आम्ही तिघं होतो. उस्ताद, चंद्रकला आणि मी. तिघंही वाचलो.