नळीवरचं साल

युद्ध संग्रहालयात तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे भिंगबाई. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग ती जेवतानाही काढत नसे. तीस वर्षं लष्कराच्या दुरुस्ती कारखान्यात काढून ती इथे आली होती. शत्रूकडून पकडलेली कुठलीही रायफल हातात द्या, ती कुठल्या कारखान्यात आणि कुठल्या साली बनली हे चहा निवायच्या आत सांगायची.

हे काम तिने पोटासाठी धरलं नव्हतं. मनात डूख धरून धरलं होतं.

अडुसष्टच्या लढाईत तिचा दादा पुलावरच्या चौकीवर शिपाई होता. ती तेव्हा चौदा वर्षांची. चौकीतून एकटा अधिकारी परतला आणि त्याने लिहून दिलं, शिपाई पळाला, मी एकट्याने पूल राखला, शत्रूच्या हातातून रायफल हिसकावली. रायफल त्या धांदलीत कोणी पाहिली नव्हती. पदक मात्र सगळ्यांनी पाहिलं. दादाचं प्रेतही मिळालं नाही. घराच्या दारावर कोणीतरी कोळशाने 'पळपुटा' लिहून जायचं. आई ते घासून काढायची, दोन दिवसांनी पुन्हा उमटायचं. शेवटच्या दुखण्यात आई एवढंच म्हणत राहिली, "तो पळणारा नव्हता गं."

पुढे त्या अधिकाऱ्याचा मेजर झाला आणि वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, मागे भिंतीवर ती रायफल. भिंगबाईने भिंग लावून लावून तो कागद झिजवला. छापलेल्या ठिपक्यांत साल थोडंच दिसणार!

आणि एके दिवशी म्हाताऱ्या मेजरने ती रायफल आपण होऊन संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. संचालक हरखून गेले. "बाई, तुम्ही फक्त नीट पुसून ठेवा."

तिने पुसली. मग दार लावून उघडली. वरच्या पोलादावरचा शिक्का कानशीने घासून टाकलेला होता. तिने स्क्रू काढले, लाकूड बाजूला केलं. नळीच्या पोटाखाली, जिथे घासणाऱ्याचा हात पोचला नव्हता, तिथे कारखान्याची खूण होती आणि पुढे दोन आकडे: ७०. नळी मागून बदललेली असू शकते, म्हणून तिने नळी, बोल्ट आणि सांगाडा यांवरचे क्रमांक ताडून पाहिले. तिन्हींवर एकच. आपल्याला हवं तेच दिसतंय की काय, या धास्तीने तिने भिंग पुसून पुन्हा सगळं पाहिलं. सत्तरच. लढाईनंतर दोन वर्षांनी बनलेली बंदूक.

तिने लाकूड जसंच्या तसं बसवलं आणि कोणापाशी चकार शब्द काढला नाही.

समारंभाला दालन भरलं होतं. मेजर छाती काढून बसले होते, शेजारी त्यांची मुलगी. भिंगबाईने विचारलं, "साहेब, ही तीच ना? पुलावरची?"

"तीच."

"नक्की? नोंदीत लिहायचंय."

"बाई, या हातांनी हिसकावली आहे!" टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबेपर्यंत तिने पेचकस काढला होता. लाकूड सोडवून, नळी उलटी करून तिने मुलीच्या हातात भिंग दिलं. "वाच, बाळ. मोठ्याने."

"सत्तर," मुलगी म्हणाली आणि वडिलांकडे बघतच राहिली. "बाबा, लढाई तर अडुसष्टची ना?"

मेजरांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाजारात... नंतर घेतली," ते पुटपुटले. मग भिंगबाईकडे पाहून हळूच म्हणाले, "तू कोण?"

"पळालेल्या शिपायाची बहीण. माझा दादा कुठे होता ते सांगा."

मेजरांनी मुलीच्या हातातल्या भिंगाकडे पाहिलं. "पुलावरच होता. शेवटपर्यंत."

"आणि तुम्ही?"

"मी पळालो."

"मागच्या रांगेत ऐकू गेलं नाही, साहेब."

त्यांना ते पुन्हा बोलावं लागलं. आवाज फाटला, तरी तिने थांबवलं नाही.

संचालक नंतर तिच्यावर उखडले. "आधी मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही झाकलं असतंत."

सात महिन्यांनी लष्कराचं पत्र आलं. दादाच्या नावापुढचा शेरा बदलला होता: लढताना कामी आला. पदक परत घेतलं गेलं. त्याच सुमारास मेजरांची मुलगी संग्रहालयात आली. "मावशी, ते जेवत नाहीत. एकदा येऊन माफ केलं म्हणा."

"तुझ्यावर माझा राग नाही," भिंगबाई म्हणाली. "पण त्यांना माफ करायला मी येणार नाही. माझी आईही शेवटी जेवत नव्हती."

मुलगी रडत गेली. मेजर थंडी संपायच्या आत वारले. भिंगबाई त्या दिवशी कामावर होती. बाई दगडाच्या काळजाची आहे, असं कोणी कुजबुजलं, ते तिच्या कानावर आलं. ती नाकारायला गेली नाही.