बागेपर्यंतची लिफ्ट

संकुलाच्या भूमिपूजनाची बातमी मीच लिहिली होती. पेण शहर संपतं तिथे, खाडीच्या बाजूला, खाली दोन मजले दुकानं, त्यावर बाग आणि बागेभोवती तीन इमारती. दर्शनी जिन्याचं वर्णन आर्किटेक्टच्या पत्रकात होतं : काळ्या दगडाचा, घाटासारखा रुंद, मध्ये कुठेही कठडा नाही. ‘गावाचं स्वागत करणारा जिना’ हे शब्दही पत्रकातलेच. मी ते अवतरणचिन्हांशिवाय छापले. पुढे तिथेच घर घेतलं आणि वडिलांना आणलं.

पायऱ्या बेचाळीस आहेत. त्या राहायला गेल्यावर मोजल्या. लिफ्ट बागेच्या खाली जात नाही. खालची जागा दुकानांना गेली आहे. पार्किंगमधून वर यायलाही जिनाच.

वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलं. गोणी वाहून गुडघे झिजले होते. दुसऱ्या वर्षी उजवा गुडघा वाकेनासा झाला आणि ते खाली उतरायचे थांबले. पाच महिने ते तिसऱ्या मजल्यावर होते. आमच्या खिडक्या गोल आहेत, काचा पक्क्या बसवलेल्या. संकुलाच्या फोटोत त्या उठून दिसतात. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून वडील समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे पाहत. कपडे काढले की खिडकीपासून उठत.

मी सोसायटीकडे कठड्यासाठी अर्ज दिला. उत्तर आलं की कठड्यामुळे रचनेचा मोकळेपणा जाईल, आर्किटेक्टची संमती नाही. मग दोन माणसांनी खुर्चीतून उतरवायचं ठरवलं. वडिलांनी नकार दिला.

“खांद्यावरना मी एकदाच जानार. आज नाय.”

शेवटी मार्ग काढला खालच्या तांदळाच्या व्यापाऱ्याने. कुवेतहून परत येऊन त्याने इथे दुकान घेतलं होतं. त्याचं गोदाम बागेच्या पातळीवर होतं आणि तिथून दुकानात माल उतरवायला छोटी लिफ्ट होती. दारावर पाटी होती, ‘फक्त मालासाठी’. तो स्वतः वर बोलवायला आला.

“चाचा, चला. पाटी मीच लावलीय, मीच वाचणार नाय.”

“मी काय गोण हाय?”

“गोण बोलत नाय, चाचा. तुमी लय बोलता.”

वडील हसले. पाच महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. व्यापाऱ्याने लिफ्टमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. वडील बसले, त्यांच्या दोन्ही बाजूंना तांदळाची पोती. मला जागा नव्हती. मी पायऱ्यांनी उतरलो.

ते दुकानाबाहेर फुटपाथवर खुर्ची मांडून बसले होते. तोंड खाडीकडे. अर्धा तास ते वाटेने जाणाऱ्या ओळखीच्या माणसांशी बोलले. दीड वाजता व्यापारी जेवायला निघाला. दुकान बंद करायच्या आधी वर सोडतो, म्हणाला.

“नको,” वडील म्हणाले. “रिक्षा बोलव.”

“कुठे जायचंय?” मी विचारलं.

“निडीला.”

निडीला माझी बहीण राहते. बैठं घर, पुढे ओटा. मी म्हटलं, औषधं वर आहेत, कपडे वर आहेत. त्यांनी मला तिला फोन लावायला लावला आणि तो हातात घेतला.

“गो, चा ठेव. मी येतंय.”

व्यापारी कुलूप हातात धरून उभा होता. “चाचा, लिफ्ट उद्याही चालू हाय,” तो म्हणाला.

“तुजी चालू हाय रं,” वडील म्हणाले आणि रिक्षाच्या दांड्याला धरून आत बसले.

संध्याकाळी मी औषधं आणि कपडे घेऊन निडीला गेलो. ते अंगणात काठी टेकत फिरत होते, फाटकापर्यंत जाऊन परत. घरी चला, असं म्हणायचं मी वाटेत ठरवलं होतं. पिशवी ओट्यावर ठेवली. बहिणीने जेवायला थांबवलं. जेवलो आणि एकटाच पेणला परतलो.