दिल्ली दोन तास, पाडा तीन तास

आमच्या घरात गाद्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. वडील चळवळीतले. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. पत्रक लिहिताना त्यांचा एकच नियम: विशेषणं खोडा, खरं उदाहरण टाका.

तो नियम मी मावशीवर वापरला.

मावशी पेठच्या पुढं एका पाड्यावर राहते. नाशिकच्या विमानतळावर ती एका कंत्राटदाराकडे फरशी पुसायला होती. पहाटे पाचची जीप, पेठहून एसटी, नाशकात उतरून पुन्हा दुसरी गाडी. सगळं जुळलं तर तीन तास. एका रविवारी हसत म्हणाली, "संध्याकाळी माझी सुट्टी व्हते तवाच दिल्लीचं इमान उडतं. मी पेठला एसटीतून उतरते, तवर ती मानसं तिकडं जेवायला बसलेली आसतील!"

मी वही काढली. तिचं हसू गेलं.

"माझं नको लिवू हां. मुकादम लय वाईट हाय."

"नाव नाही टाकत, मावशी."

पत्रक निघालं. मथळा होता, 'दिल्ली दोन तास, पाडा तीन तास'. मागणी होती, पेठकडून येणाऱ्या बायांसाठी कंत्राटदारानं गाडी ठेवावी. नाव कुठंच नव्हतं. पाचची जीप होती, पेठची एसटी होती. वडिलांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "याला म्हणतात पत्रक." मी फुगून गेले.

पेठकडून येणारी बाई ती एकटीच होती. मला ते माहीत होतं. तरी मी 'बायांसाठी' लिहिलं, कारण एकीसाठी पत्रक निघत नाही.

चौथ्या दिवशी मुकादमानं पत्रक तिच्यासमोर धरलं. ओरडला नाही. "बरोबर लिहिलंय, बाई. एवढ्या लांबून यायचं म्हणजे हालच की," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं शेजारच्या वस्तीतली बाई घेतली, दहा मिनिटांवरची. अंतराचा प्रश्न सुटला.

वडील लगेच म्हणाले, "तिला परत घ्या म्हणून दुसरं पत्रक काढू." मावशीनं त्यांच्यासमोर हात जोडले. "दाजी, आता काय बी लिवू नका." मग माझ्याकडं वळली. "तुझं समदं खरं व्हतं गं. पन मी नको म्हनले व्हते ना?"

पुढच्या महिन्यात दिल्लीच्या एका कामगार परिषदेनं ते पत्रक वाचायला मला बोलावलं. तिकीट त्यांनीच पाठवलं, विमानाचं. मी गेले. नाशिकच्या विमानतळावर बसले होते तर फडकं घेऊन एक बाई आली. "ताई, पाय घ्या वर." मी पाय वर घेतले. ती पुसून पुढं गेली.

दोन तासांत दिल्ली. व्यासपीठावर मी पत्रक वाचलं, टाळ्या पडल्या. मग मावशीचं काम गेल्याचं सांगितलं, तेव्हा जास्त पडल्या.

परत यायलाही दोनच तास लागले. पाड्यावर मी अजून गेलेले नाही.